पायथन: एसटी तिकिटाच्या प्रोग्राममध्ये ८० वर्षांच्या आजोबांना पूर्ण भाडं का येतंय? इफ, एलिफ, एल्स नीट समजत नाहीये

नवशिकी_लातूर

नमस्कार सगळ्यांना, मी बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे, बारावी कॉमर्समधून केली त्यामुळे कोडिंग हा प्रकार इथे आल्यावरच पहिल्यांदा बघितला. प्रिंट, इनपुट, व्हेरिएबल इथपर्यंत सगळं जमलं पण इफ-एल्स सुरू झाल्यापासून गाडी अडकलीये. मॅडमनी एसटीच्या तिकिटाचा प्रोग्राम करायला दिलाय. नियम असे दिलेत की ५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, ५ ते १२ ला अर्धं, महिलांना अर्धं, ६५ ते ७५ च्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ च्या वर पूर्ण फुकट. बाकी सगळ्यांना पूर्ण भाडं.

मी मुलांचा भाग नंतर करू म्हणून आधी एवढंच लिहिलंय (कीबोर्ड मराठीच आहे म्हणून कोडही देवनागरीत टाकतेय, फाईलमध्ये इंग्रजीतच आहे):

वय = इंट(इनपुट("वय किती? "))
बाई = इनपुट("महिला आहे का? ")
भाडे = १००

इफ वय > ७५:
    भाडे = ०
इफ वय >= ६५:
    भाडे = भाडे / २
इफ बाई == "हो":
    भाडे = भाडे / २
एल्स:
    भाडे = १००

प्रिंट(भाडे)

एरर एकही येत नाही, त्यामुळे तर जास्तच कळेना. ८० वर्षांच्या आजी टाकल्या की ० येतं म्हणजे बरोबर. पण ८० वर्षांचे आजोबा टाकले की १०० येतं!! आणि ७० वर्षांच्या बाईंना २५ येतंय, पाव तिकीट तर एसटीत नसतंच. मैत्रीण म्हणते सगळीकडे एलिफ टाक, पण का टाकायचं ते तिलाही सांगता येत नाहीये, आणि मला पाठ करून पास व्हायचं नाहीये, समजून घ्यायचंय. प्लीज कुणीतरी सोप्या भाषेत सांगा.

खिडकीची_जागा

चांगला प्रश्न आहे, आणि तू इनपुट आणि आउटपुट दोन्ही दिलेस त्यामुळे सांगणं सोपं झालं.

मुख्य गोष्ट अशी की तू लिहिलेले तीन इफ हे पायथनच्या लेखी तीन वेगवेगळे प्रश्न आहेत, त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. पहिल्याचं उत्तर हो आलं म्हणून दुसरा विचारायचा नाही असं त्याला कुणी सांगितलेलंच नाहीये. आता आजोबांचं एकेक ओळ चालवून बघ. भाडे १००. ८० > ७५ खरं आहे, भाडे झालं ०. इथपर्यंत बरोबर. मग पुढचा इफ, ८० >= ६५ हेही खरंच, म्हणून ० चं अर्धं केलं, ते ० च राहिलं. मग तिसरा इफ, महिला आहे का, नाही. आणि इथे खरा घोळ आहे, कारण तो एल्स फक्त या तिसऱ्या इफचा आहे. तुझ्या मनात एल्स म्हणजे "वरच्यापैकी कुठलंच लागू नसेल तर" असं होतं, पायथनने वाचलं "महिला नसेल तर". आजोबा महिला नाहीत, म्हणून भाडे परत १००. खरं तर तुझ्या प्रोग्राममध्ये कुठल्याही पुरुषाला कधीच सवलत मिळणार नाही, ७० चे आजोबा टाकून बघ, तिथेही १०० च येईल.

आणि ७० च्या बाईंचं तर आता तुलाच कळलं असेल, ज्येष्ठ म्हणून एकदा अर्धं झालं आणि महिला म्हणून त्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं झालं. ८० च्या आजींना ० आलं ते बरोबर आलं असं वाटतं पण ते योगायोगाने आलंय, ० ला कितीही वेळा अर्धं करा ० च राहतं.

एलिफने काय होतं तर हे सगळे मिळून एकच प्रश्न होतो. चाळण्या एकाखाली एक लावल्यात असं समज, जो दाणा वरच्या चाळणीत अडकला तो खालच्या चाळणीपर्यंत पोचतच नाही, आणि एल्स म्हणजे सगळ्यात खाली ठेवलेली परात. म्हणजे

इफ वय > ७५:
    भाडे = ०
एलिफ वय >= ६५:
    भाडे = ५०
एलिफ बाई == "हो":
    भाडे = ५०
एल्स:
    भाडे = १००

आता आजोबा पहिल्याच ओळीत अडकले, पुढचं काही बघितलंच जात नाही. दुसऱ्या ओळीत मी ७५ ची वरची मर्यादा लिहिली नाही ते मुद्दाम, कारण ७५ च्या वरचे सगळे आधीच वर थांबलेत, इथपर्यंत पोचलेला माणूस ७५ किंवा त्याच्या खालचाच असणार. वरच्या अटींमधून जे सुटलेत त्यांनाच खालची अट लागते हे एकदा डोक्यात बसलं की अर्धा विषय संपला.

एल्सलासुद्धा तू उगाच १०० दिलंस, ते सुरुवातीलाच दिलेलं होतं. चूक नाही, पण दोनपैकी एकच ठेव.

वर्गपाठ

वरचं उत्तर उत्तम. मी शिकवणारा माणूस आहे म्हणून कोडच्या आधीचं थोडं सांगतो. कोड उघडायच्या आधी कागदावर वयाची एक आडवी रेघ मार आणि तिच्यावर खुणा कर: ५, १२, ६५, ७५. आता प्रत्येक खुणेपाशी स्वतःला विचार की नेमका हा आकडा डावीकडे मोडतो की उजवीकडे. ज्याला आज बरोबर ७५ पूर्ण झालेत त्याला फुकट की अर्धं? अमृत ज्येष्ठ नागरिक योजना ऑगस्ट २०२२ मध्ये आली ती "७५ वर्षांवरील" अशी आली, आणि तुमच्या मॅडमनीही "६५ ते ७५" अर्धं आणि "७५ च्या वर" फुकट असं दिलंय, म्हणून > ७५ बरोबर. पण हाच नियम "७५ वर्षे पूर्ण" असा दिला असता तर >= लागलं असतं. एवढाच फरक, एक बरोबरचं चिन्ह, आणि ७५ वयाच्या प्रत्येक प्रवाशाचं तिकीट बदलतं. मुलं परीक्षेत इफ-एल्सची रचना बरोबर लिहितात आणि मार्क इथे घालवतात.

म्हणून टेस्ट करताना ३०, ४०, ८० असे सोयीचे आकडे टाकू नका. ४, ५, १२, १३, ६४, ६५, ७५, ७६ हे आठ आकडे, एकदा पुरुष एकदा महिला, म्हणजे सोळा वेळा रन करायचं. प्रत्येकाचं उत्तर आधी कागदावर स्वतः लिहायचं आणि मगच रन करायचं, कारण आधी आउटपुट बघितलं की मन म्हणतं हो हो हेच यायला हवं होतं.

मुलांचा भाग अजून केलेला नाही म्हणालात तर आधीच सांगून ठेवतो, ५ ते १२ लिहिताना ऑर लावू नका. वय >= ५ ऑर वय <= १२ असं लिहिलं तर जगातलं प्रत्येक वय त्यात बसतं, ४० हे ५ पेक्षा मोठं आहे झालं काम, ३ हे १२ पेक्षा लहान आहे झालं काम. दोन्ही बाजूंनी बांधायचं असेल तर अँड. पायथनमध्ये गणितासारखं ५ <= वय <= १२ असंही सरळ लिहिता येतं आणि ते वाचायलाही छान.

नवशिकी_लातूर

बाप रे किती छान समजावलंत दोघांनी, खूप खूप धन्यवाद 🙏 योगायोगाने ० आलं हे वाचून तर मी परत सगळं वहीत चालवून बघितलं. सरांनी सांगितलेले आठ आकडे घेऊन बसले आणि मुलांचा भागही घातला. पण आता दोन नवीन प्रश्न आलेत.

एक म्हणजे क्रम. मी महिलावाली अट सगळ्यात वर ठेवली कारण बसमध्ये बायका जास्त असतात म्हणून ती आधी तपासावी असं वाटलं, तर ८० च्या आजींना ५० येतंय आणि ३ वर्षांच्या मुलीलाही ५०. म्हणजे क्रम बदलला की उत्तर बदलतं? नियम तर तेच आहेत ना?

दुसरं, घरी भावाने "होय" टाईप केलं तर पूर्ण भाडं आलं, म्हणून मी इफ बाई == "हो" ऑर "होय": असं केलं. तर आता सगळेच महिला झालेत, "नाही" टाकलं तरी अर्धं तिकीट!

मधली_बर्थ

दुसऱ्याचं आधी सांगते. तू ते मराठीत वाचतेयस, "बाई हो किंवा होय असेल तर". पायथन ऑरच्या दोन बाजू वेगवेगळ्या वाचतो. डावीकडे बाई == "हो", आणि उजवीकडे नुसतंच "होय". आता नुसतं "होय" खरं की खोटं? पायथनचा नियम असा की रिकामी स्ट्रिंग (म्हणजे अवतरणचिन्हांतला मजकूर) खोटी, बाकी कुठलीही स्ट्रिंग खरी. म्हणून उजवी बाजू कायमच खरी आणि अख्खी अट कायम खरी. लिहायचं असं: बाई == "हो" ऑर बाई == "होय", किंवा जास्त पर्याय असतील तर बाई इन ("हो", "होय", "हां"). आणि इनपुटला मागे .स्ट्रिप() लाव, मोबाईलच्या कीबोर्डवर शब्द सुचवला जातो तेव्हा मागे एक स्पेस येते, आणि "हो" आणि "हो " या दोन वेगळ्या स्ट्रिंग असतात. ही स्पेस डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे माणूस तासभर शोधत बसतो.

एक छान गोष्ट सांगते, तू कोड देवनागरीत टाकलास म्हणून आठवली. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं खरंच देवनागरीत ठेवता येतात, वय आणि भाडे ही नावं जशीच्या तशी चालतील, फक्त इफ, एल्स असे राखीव शब्द आणि कोडमधले आकडे इंग्रजीतच लिहावे लागतात. पण इनपुट देताना कुणी ८० मराठी आकड्यात टाईप केलं तरी इंट() ते बरोबर ओळखतं. करून बघ, माझ्या क्लासमधल्या मुलांना याची फार गंमत वाटते.

क्रमाचं असं आहे की तुझे नियम एकमेकांवर चढतात. ८० च्या आजी "महिला" पण आहेत आणि "७५ च्या वर" पण. दोन नियम लागू होत असतील तर कुठला जिंकणार हे मॅडमनी दिलेल्या यादीत कुठेच लिहिलेलं नाहीये, ते तू क्रमातून ठरवतेस. प्रवाशाला जास्त फायद्याची सवलत द्यायची म्हटलं तर फुकटवाल्या अटी आधी, मग अर्ध्याच्या, मग पूर्ण. कोण जास्त संख्येने बसमध्ये बसतं याचा विचार इथे करायचा नाही.

आणि मग हे एवढं छोटं होतं:

इफ वय < ५ ऑर वय > ७५:
    भाडे = ०
एलिफ वय <= १२ ऑर वय >= ६५ ऑर बाई == "हो":
    भाडे = ५०
एल्स:
    भाडे = १००

इथे वय <= १२ च्या आधी ५ ची अट परत लिहिलेली नाही, ५ च्या खालचे वर गेले. आणि अर्ध्याच्या आत कितीही कारणं असू देत, अर्धं एकदाच होतं, पाव तिकीट निघूच शकत नाही.

अर्धविराम

मधली_बर्थ यांचा कोड बरोबरच आहे पण नवीन शिकणाऱ्याने लगेच इतका आवळू नये असं माझं मत आहे. उद्या सरकारने ज्येष्ठांची सवलत ६५ वरून ६० केली किंवा महिलांची ५० टक्क्यांऐवजी वेगळी केली (ती मार्च २०२३ मध्ये सुरू झाली, त्याआधी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये ती अट नव्हतीच) तर एका ओळीत तीन कारणं कोंबलेली असताना त्यातलं एक सोडवून काढताना हमखास चूक होते. एका नियमाला एक एलिफ, चार ओळी जास्त होऊ देत. पुढे हात बसला की आवळा.

दुसरं, पुढच्या सेमिस्टरला बहुतेक सी ही भाषा येईल. तिथे याच तीन गोष्टी वेगळ्या वागतात. पायथनमध्ये इफच्या आत काय आहे हे इंडेंट (ओळ किती आत सरकवली ते) ठरवतं, सी मध्ये महिरपी कंस ठरवतात आणि इंडेंट फक्त माणसाच्या डोळ्यांसाठी असतं. कंस दिला नाही तर इफखालची एकच ओळ त्याची, दुसरी ओळ कितीही आत सरकवून लिहा ती इफच्या बाहेर. हे फक्त कॉलेजच्या पोरांचं होत नाही. २०१४ च्या फेब्रुवारीत ॲपलला आयफोनसाठी तातडीने अपडेट काढावं लागलं, कारण सुरक्षित कनेक्शन तपासणाऱ्या कोडमध्ये इफखाली "गोटू फेल" (म्हणजे इथून थेट शेवटच्या भागावर उडी मार) ही ओळ चुकून दोनदा पडली होती. कंस नव्हते. पहिली ओळ इफची, दुसरी कुणाचीच नाही, म्हणजे ती दर वेळी चालणार. त्यामुळे पुढची सही तपासायची पायरी गाळूनच कोड बाहेर पडायचा आणि उत्तर द्यायचा की सगळं ठीक आहे. दिसायला दोन्ही ओळी एकाखाली एक, सारख्याच आत सरकवलेल्या. म्हणून सी मध्ये एक ओळ असली तरी कंस द्या, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

तिसरं, एक बरोबर आणि दोन बरोबर. पायथनमध्ये इफमध्ये चुकून एक = टाकलं तर तो लगेच सिंटॅक्स एरर देतो. सी गप्प बसतो, किंमत बदलतो आणि पुढे जातो. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्स कर्नलच्या (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या) कोडच्या एका कॉपीत कुणीतरी गुपचूप दोन ओळी घुसवल्या होत्या, वरवर वाचलं तर "यूजर आयडी ० आहे का" असा तपास, पण == च्या जागी = होतं, म्हणजे तपासण्याऐवजी यूजर आयडी ० करून टाकायचा, आणि ० म्हणजे रूट, सगळ्या मशीनचा मालक. तो बदल मूळ नोंदींशी जुळेना म्हणून वेळीच पकडला गेला. एका चिन्हाची ताकद बघा.

आणि ५ <= वय <= १२ हे सी मध्ये अजिबात लिहू नका. तिथे आधी ५ <= वय याचं उत्तर ० किंवा १ निघतं आणि मग ते ० किंवा १ हे १२ पेक्षा लहान आहे का असं बघितलं जातं, ते कायमच असतं. एररही नाही.

मीटर_रीडिंग

नवशिकी ताई, एसटी जमली असेल तर पुढचा सराव म्हणून लाईट बिल करा. हा मी मुद्दाम सुचवतोय कारण इथे एलिफची साखळी बरोबर लावूनसुद्धा उत्तर चुकतं. घरगुती बिलावर मागे स्लॅब छापलेले असतात, १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. दर बदलत राहतात म्हणून सोपे मानलेले घेऊ, ५, १० आणि १५ रुपये. बरेच जण लिहितात की युनिट <= १०० असेल तर युनिट * ५, नाहीतर <= ३०० असेल तर युनिट * १०. चालवून बघा: १०० युनिटला ५०० रुपये आणि १०१ युनिटला १०१० रुपये! एक युनिट जास्त जळलं म्हणून बिल दुप्पट कसं होईल? स्लॅबमध्ये पहिले १०० युनिट नेहमी पहिल्याच दराने लागतात, फक्त वरचे पुढच्या दराने. म्हणजे

एलिफ युनिट <= ३००:
    बिल = १०० * ५ + (युनिट - १००) * १०

१०१ ला ५१०. बरोबर वाटतंय ना आता. तिसरी ओळ तुम्ही स्वतः लिहा, ३५० युनिटला ३२५० आलं पाहिजे. इन्कम टॅक्सचे स्लॅबसुद्धा असेच चालतात, वरच्या स्लॅबमध्ये गेलो म्हणजे सगळ्या पगारावर जास्त टॅक्स बसतो असा गैरसमज कितीतरी शिकलेल्या लोकांचा असतो, हा एक प्रोग्राम स्वतः लिहिला की तो कायमचा जातो.

एसटीत एक माणूस एका अटीत बसतो. वीजबिलात एकच माणूस सगळ्या स्लॅबमधून थोडा थोडा जातो. त्यामुळे एलिफ लिहायच्या आधी हा प्रश्न दोन्हीपैकी कुठल्या प्रकारचा आहे ते ठरवा.

नवशिकी_लातूर

३२५० आलं!!! 😊 आणि ५०० च्या पुढचंही केलं २० रुपये धरून, ६०० युनिटला ७५०० आलं, बरोबर आहे का? मी एका नियमाला एक एलिफ असंच ठेवलंय सध्या, अर्धविराम दादांचं पटलं.

शेवटचा एकच प्रश्न. मॅडम म्हणाल्या की जास्त मार्क हवे असतील तर राज्याबाहेर जाणारी बसपण करा, म्हणजे कोल्हापूरहून पणजीला जाताना सवलत फक्त महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत आणि पुढे पूर्ण भाडं. मी प्रत्येक एलिफच्या आत अजून एक इफ टाकायला लागले, बस राज्याबाहेर जाते का असा, तर सहा अटींचे बारा तुकडे झाले आणि मलाच वाचता येईना. नेस्टेड इफ म्हणजे हेच का?

खिडकीची_जागा

७५०० बरोबर. ५०० + २००० + ३००० + २०००.

हो, इफच्या आत इफ म्हणजे नेस्टेड, पण इथे त्याची गरज नाहीये. प्रत्येक फांदीत तोच प्रश्न परत परत विचारावा लागतोय म्हणजे तो प्रश्न त्या फांद्यांचा नाहीच, तो बाहेर काढायचा. तुझी अटींची साखळी फक्त एवढंच ठरवू दे की या प्रवाशाला भाड्याचा किती भाग लागतो, ०, ०.५ की १. रुपयांचा हिशोब तिच्यात करूच नकोस:

इफ वय < ५:
    भाग = ०
एलिफ वय > ७५:
    भाग = ०
एलिफ वय >= ६५:
    भाग = ०.५
एलिफ वय <= १२:
    भाग = ०.५
एलिफ बाई == "हो":
    भाग = ०.५
एल्स:
    भाग = १

भाडे = आतले * भाग + बाहेरचे

आतले म्हणजे हद्दीपर्यंतचं पूर्ण भाडं, बाहेरचे म्हणजे हद्दीपुढचं. बस राज्यातल्या राज्यात असेल तर बाहेरचे ० दे, तीच ओळ चालते, वेगळा इफ नको. फक्त लहान मुलांचं मॅडमना विचारून घे, त्यांची सवलत हद्दीपुढेही धरायची आहे का, कारण अर्धं तिकीट आणि योजनेतली सवलत या वेगळ्या गोष्टी आहेत. धरायची असेल तर भाग_बाहेर असं दुसरं व्हेरिएबल कर, शेवटच्या ओळीत बाहेरचे ला त्याने गुण, ते सुरुवातीला १ ठेव आणि फक्त ५ खालच्या आणि १२ पर्यंतच्या दोन फांद्यांत बदल. तो कोड इथे टाक, मी संध्याकाळी बघतो.